हरकरे सरांचा विश्वांक

नीळकंठ हरकरे यांनी बत्तीस वर्षं मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं आणि त्या बत्तीस वर्षांत त्यांना एकही शंका आली नाही. विद्यार्थ्यांना यायच्या, पण सर त्या जागच्या जागी निपटून काढायचे. निवृत्त झाल्यावर मात्र पंचाईत झाली. सकाळी फिरणं, नऊला पोहे, दहाला वर्तमानपत्र, आणि अकरा वाजता करायचं काय? म्हणून अकरा वाजता सरांनी विश्वाचं कोडं सोडवायला घेतलं.

कोडं जुनंच आहे. प्रकाश आणि विद्युतभार यांचं नातं सांगणारा एक आकडा निसर्गात आहे. त्याला मीटर नाही, किलो नाही, सेकंद नाही, नुसता आकडा. एकाला त्याने भागलं की एकशे सदतीसच्या जरा वर येतं. तेवढंच का येतं, एकशे चाळीस का नाही, हे अजून पृथ्वीवर कोणाला सांगता आलेलं नाही. मोजता येतो, पण नुसत्या डोक्याने काढता येत नाही. विलायतेतल्या एका थोर विद्वानाने फार पूर्वी तो एकशे छत्तीस असल्याचं सिद्ध केलं होतं. मोजणाऱ्यांनी पुढे एकशे सदतीस म्हटल्यावर त्याने एकशे सदतीसही सिद्ध करून दिला. ही गोष्ट सर वर्गात दरवर्षी सांगत, आणि पोट धरून हसत.

आठ वर्षांत अकरा वह्या झाल्या. वह्या सरांनी लिहिल्या आणि सुवाच्य अक्षरात उतरवून पक्क्या केल्या त्यांच्या पत्नीने, कालिंदीबाईंनी. कालिंदीबाई नागपूरच्या, गणितात एम.एस्सी., पहिल्या वर्गात. लग्नानंतर त्या पदवीचा उपयोग वाणसामानाची यादी तपासण्यापलीकडे झाला नव्हता. त्यांच्या कामाबद्दल सर पाहुण्यांना अभिमानाने सांगत, "अक्षर बघा हिचं. मोत्याचे दाणे!"

शेवटी गोंदियाहून पुस्तक छापून आलं. नाव 'विश्वांक', आणि खाली बारीक अक्षरात 'मनुष्यासाठी बेतलेले विश्व'.

पुस्तकातला युक्तिवाद असा. जपमाळेचे मणी एकशे आठ, नक्षत्रं सत्तावीस, आणि बघणारा व बघितलं जाणारं मिळून दोन. बेरीज एकशे सदतीस. आता दशांश चिन्हापुढचं. ग्रह नऊ, ऋषी सात, गुणाकार त्रेसष्ट. त्याला सहस्राने भागायचं, कारण सहस्र ही पूर्णत्वाची खूण. उत्तर: एकशे सदतीस पूर्णांक शून्य सहा तीन. भौतिकशास्त्राच्या पुस्तकाशी तंतोतंत जुळतं, असं सरांनी ठळक अक्षरात छापलं होतं.

दुसऱ्या भागात हा आकडा असाच का, याचं कारण होतं. तो फार वेगळा असता तर ताऱ्यांच्या पोटात पुरेसा कार्बन शिजला नसता, कार्बन नसता तर झाडं-माणसं झाली नसती, आणि विचारायला कोणी उरलं नसतं. इथवर सर बरोबर होते. इथून पुढे ते एकटेच होते. कारण पुढचं वाक्य असं होतं, की ज्याअर्थी आपण आहोत, त्याअर्थी हा आकडा तिसऱ्या दशांशापर्यंत आपल्यासाठीच ठरवला गेला आहे.

प्रकाशनाचा घाट मराठी स्नेह मंडळाचे अध्यक्ष दुलीचंद यांनी घातला. दुलीचंदांचं पाण्याच्या पंपांचं दुकान, आणि ते सरांचे जुने विद्यार्थी. पुस्तक त्यांनी वाचलं नव्हतं, पण हातात घेऊन तोललं होतं आणि ते त्यांना पसंत पडलं होतं. प्रमुख पाहुणे म्हणून भोजराज भाऊ ठरले. भाऊ गेल्या दोन निवडणुकांत थोडक्यात पडले होते आणि म्हणून हल्ली कुठल्याही कार्यक्रमाला यायचे. प्रश्न राहिला विद्यार्थ्यांच्या वतीने बोलणाऱ्याचा.

"गजभियेच्या दीपिकाला बोलवू," दुलीचंद बैठकीत म्हणाले. "ती फिजिक्सची आहे, आणि..." ते जरा थांबले. "आणि फिजिक्सची आहे."

सगळ्यांना मुद्दा पटला. मंडळाच्या मंचावर सगळे समाज दिसले पाहिजेत असा ठराव मार्चमध्ये झाला होता आणि नोव्हेंबरपर्यंत कोणीच दिसलं नव्हतं.

दीपिका गजभिये बैहरकडच्या एका सरकारी शाळेत अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवायची. वय छत्तीस. सरांच्या हाताखाली ती बी.एस्सी.ला होती आणि सरांना ती चांगली आठवत होती, म्हणजे तिचे कापलेले गुण आठवत होते. लंबकाचा प्रयोग होता. सगळ्या वर्गाने गुरुत्वाचं उत्तर नऊ पूर्णांक आठ लिहिलं, दीपिकाने नऊ पूर्णांक पंच्याण्णव लिहिलं, कारण तिचं तेवढं आलं होतं. सरांनी लाल पेनाने खोडलं. तिने तीन दिवस कारण शोधलं तेव्हा कळलं, प्रयोगशाळेची लाकडी मोजपट्टी टोकाला झिजली होती. पहिला दीड सेंटिमीटर गायबच होता. त्या पट्टीने खरं उत्तर कोणाचंच येणं शक्य नव्हतं, आणि तरी चाळीस जणांचं आलं होतं. ती हे सांगायला गेली तर सर म्हणाले, "निसर्ग चुकत नाही, पट्टी कॉलेजची आहे. म्हणजे चुकलं कोण? गजभिये."

वर्ग हसला होता. पुढे तिने सागर विद्यापीठात जाऊन एम.एस्सी. केलं, पण ते हसू तिच्या कानातून कधी गेलं नाही.

तरीही निमंत्रण आलं तेव्हा तिला बरं वाटलं. पुस्तकही आलं, आणि तिने ते वाचलं. सबंध बालाघाट जिल्ह्यात ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारी ती एकटीच. सुट्टीत ती वडिलांकडे तिरोडीला गेली तेव्हाही ते तिच्या मांडीवर होतं.

वडील डोमाजी जिल्ह्यातल्या मँगनीजच्या खाणींत राबलेले, त्यातली पुष्कळ वर्षं जमिनीखाली. ते अंगणात खाटेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते.

"काय वाचून राह्यली एवढं, कपाळाले आठ्या घालून?"

"सरांचं पुस्तक हाय, बाबा. सर म्हणतेत, हे सारं विश्व माणसासाठीच बेतलं हाय. जरा इकडचं तिकडं झालं अस्तं तं आपण नसतो."

डोमाजींनी शेंग सोलता सोलता विचार केला. "बेतलं म्हणते तं माप कोनाचं घेतलं?"

"म्हंजे?"

"शिंपी कपडा बेतते तं आधी माप घेते ना. माहं तं कोनी घेतलं नाही. माह्या मापाचं विश्व अस्तं तं खदानीचं छत दोन बोटं वर अस्तं. सारी उमर मान वाकवून गेली माही."

दीपिका हसली.

"अन् मॅगनीज काही आमची वाट पाहत जमिनीत नोतं बसलं, बाई. ते तेथं होतं, म्हून आमी तेथं गेलो. तुह्या सरांनी हे उलटं काहून धरलं?"

"बाबा, तुम्ही लिहिलं अस्तं तं हे पुस्तक चार पानांत संपलं अस्तं."

त्याच दिवशी दुपारी तिचं लक्ष त्या त्रेसष्टवर गेलं. एकशे सदतीस पूर्णांक शून्य सहा तीन? तिला आकडा पाठ होता, पण स्वतःच्या पाठांतरावर विसंबणाऱ्यातली ती नव्हती. तिने फोनवर बघितलं, मग शाळेच्या पुस्तकात, मग आपल्या एम.एस्सी.च्या वहीत. सगळीकडे शून्य तीन सहा. सरांनी आठ वर्षं खपून, ग्रह आणि ऋषी यांचा गुणाकार करून, जो आकडा तंतोतंत सिद्ध केला होता तो चुकीचा होता.

कार्यक्रमाला चार दिवस होते. भर सभेत सरांची फजिती करायची मजा तिला दिसत नव्हती असं नाही. पण ती दुसऱ्या दिवशी कटंगीच्या बसने बालाघाटला, सरळ सरांच्या घरी गेली.

सर व्हरांड्यात बसले होते. "ये, गजभिये. भाषण लिहून आणलंस? पाच मिनिटांच्या वर जाऊ नकोस, भाऊंना पुढे लालबर्रा गावी लग्न आहे."

"सर, एक विचारायचं होतं. हा त्रेसष्ट कुठून घेतला?"

"घेतला नाही, काढला. नऊ गुणिले सात."

"ते वाचलं, सर. पण जुळवून कशाशी पाहिला?"

सर आत गेले आणि एक गाईड घेऊन आले. जबलपूरकडून कधीतरी आलेलं, मुखपृष्ठ फाटलेलं, हिंदीतलं. याच गाईडावरून ते बत्तीस वर्षं शिकवत आले होते. पान एकशे बारा, खालून चौथी ओळ: १३७.०६३.

दीपिकाने मुकाट्याने फोन पुढे केला. मग पिशवीतून दोन पुस्तकं काढून उघडून ठेवली. सरांनी तिन्ही ठिकाणी पाहिलं. मग चष्मा पुसून परत पाहिलं.

"छापणाऱ्याने अंक उलटे लावलेत, सर. छत्तीसचे त्रेसष्ट."

 कालिंदीबाई चहा घेऊन आल्या, टेबलावरची पुस्तकं बघितली आणि शांतपणे म्हणाल्या, "मी विचारलं होतं. तिसऱ्या वहीच्या वेळी. माझ्या वहीत शून्य तीन सहा आहे म्हणून."

"मग मी काय म्हणालो?" सरांनी विचारलं.

"तू अक्षराकडे बघ, म्हणालात."

सर उठले. आतल्या खोलीचं दार लागलं. दीपिकाला वाटलं, झालं, आठ वर्षं मातीत गेली या माणसाची. उगीच आलो आपण. ती कालिंदीबाईंना सॉरी म्हणू लागली तर त्या म्हणाल्या, "चहा घे, निवेल. थोडा वेळ थांब. ते येतील."

पाऊण तासाने सर आले ते उजळलेल्या चेहऱ्याने. हातात कागद होता.

"सत्तावीस!" ते म्हणाले. "नक्षत्रं! मी ती पूर्णांकात धरली होती, पण त्यांची छाया दशांशातून वजा करायचीच राहिली. त्रेसष्ट वजा सत्तावीस किती?"

"छत्तीस," दीपिका म्हणाली.

"आणि पत्रिकेत गुण किती जुळवतात? छत्तीस! दोन्ही बाजूंनी सिद्ध झालं. गजभिये, त्रेसष्ट हा स्थूल विश्वांक आणि छत्तीस हा सूक्ष्म. छापणाऱ्याच्या हातूनसुद्धा निसर्ग स्थूल तेवढंच बोलला, बघ. पुस्तकाला शुद्धिपत्र चिकटवून टाकू."

"सर, कालपर्यंत त्रेसष्ट सिद्ध होता."

"तोही सिद्धच आहे."

"उद्या कोणी पंचेचाळीस म्हटलं तर?"

"कोण म्हणेल? तो पंचेचाळीस नाहीच मुळी."

"सर, तुमच्या दुसऱ्या भागातलं एक मला पटतं," दीपिका नेटाने म्हणाली. "आकडा फार वेगळा असता तर आपण इथं नसतो. खरं आहे. पण त्यातून एवढंच कळतं की तो अमुक ते अमुकच्या मधात असला पाहिजे. टक्काभर हलला तरी तारे कार्बन शिजवत राहिले असते आणि आपण इथं चहा पीतच बसलो असतो. त्रेसष्ट आणि छत्तीसमधला फरक तर पाच हजारांत एक भाग आहे. ताऱ्याला तिसऱ्या दशांशाशी काय करायचं आहे? ज्या युक्तिवादानं टक्का कळत नाही, त्यानं तुम्ही तिसरं घर सांगून राह्यले."

सरांनी तिच्याकडे ममतेने पाहिलं. "तू प्रायोगिक आहेस गं. तुला सैद्धांतिक सौंदर्य दिसायला वेळ लागेल."

बसमध्ये दीपिकाने लिहिलेलं भाषण फाडून टाकलं.

कार्यक्रम रविवारी दुपारी चार वाजता, स्टेशनकडच्या एका मंगल कार्यालयात झाला. चारशेएक लोक होते. मागे कापडी फलकावर सरांचा फोटो आणि भोवती फिरणारे ग्रह. मंचावर पांढरा फळा, कारण सर सिद्धांत समजावून सांगणार होते. दारात प्रत्येकाला पुस्तक आणि शुद्धिपत्र वेगवेगळं मिळत होतं, चिकटवायला डिंक आणायचा राहून गेला होता.

सर चाळीस मिनिटं बोलले. त्यांनी आधी त्रेसष्ट सिद्ध केला, टाळ्या पडल्या. मग छत्तीस सिद्ध केला, जास्त टाळ्या पडल्या. शेवटी ते म्हणाले, "हा आकडा असा नसता तर हे सभागृह नसतं, तुम्ही नसता, मी नसतो. याचा अर्थ, हे विश्व या क्षणासाठी बेतलेलं आहे." भोजराज भाऊंनी मान डोलावली. विश्व या क्षणासाठी बेतलेलं असेल, तर पहिल्या रांगेत मधल्या सोफ्यावर ते बसलेत हे ओघानेच आलं.

मग दीपिकाचं नाव पुकारलं गेलं. दुलीचंदांनी ओळख करून देताना "आपल्या समाजाची" म्हणायचं की "त्या समाजाची" म्हणायचं या घोळात "समाजाची दीपिका" असं म्हटलं.

दीपिका सरळ फळ्यापाशी गेली. "सरांनी एकशे आठ, सत्तावीस, नऊ, सात, छत्तीस आणि दोन एवढ्या आकड्यांतून विश्वांक काढला. मी म्हणते, याच आकड्यांतून दुसरंही काही निघते का ते पाहू. भाऊ, आप कोई भी नंबर बोलिए. कोई भी."

भाऊ दचकले. भाषणाच्या मध्ये आपल्याला काम पडेल असं त्यांना वाटलं नव्हतं. "मेरी गाड़ी का चलेगा? तीन हज़ार इक्यावन."

दीपिकाने फळ्याकडे बघत क्षणभर ओठ हलवले. मग लिहिलं. सत्तावीस गुणिले एकशे आठ, दोन हजार नऊशे सोळा. अधिक एकशे आठ. अधिक सत्तावीस. तीन हजार एक्कावन्न.

सभागृहात एकदम शांतता झाली. तिला वाटलं, पडला उजेड.

"जपमाळ आणि नक्षत्रं, बस," ती म्हणाली. "बाकी काही लागलं नाही. अजून कोणी?"

"शून्य!" दुलीचंद गमतीत ओरडले.

"त्रेसष्ट वजा छत्तीस वजा सत्तावीस," दीपिकाने ताबडतोब लिहिलं. "आता समजलं? या पद्धतीनं कोणताही आकडा निघते. आणि ज्या पद्धतीनं कोणताही आकडा निघते, तिनं एकही आकडा सिद्ध होत नाही. आधी उत्तर माहीत असलं पाहिजे, मग..."

पुढचं कोणाला ऐकू गेलं नाही. भोजराज भाऊ उभे राहिले होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मेरी गाड़ी का नंबर," ते म्हणाले, "ब्रह्मांड में है!"

टाळ्यांचा जो कडकडाट झाला तसा त्या कार्यालयात एकाही लग्नात झाला नसेल. भाऊंनी मंचावर चढून सरांचे पाय धरले. बायका-माणसं पुढे येऊ लागली. एकीला मुलाच्या रोल नंबरचं बघायचं होतं, एकाला प्लॉटचं. दुलीचंद माइकवर ओरडत होते, "सर्वांचे नंबर काढले जातील, कृपया जागेवर बसावे!" दीपिका खडूसारखा मार्कर हातात धरून उभी होती. दोनदा तिने माइक मागितला. दुलीचंद म्हणाले, "काय प्रात्यक्षिक दिलं मॅडम तुम्ही! सरांना जे चाळीस मिनिटांत जमलं नाही ते तुम्ही दोन मिनिटांत पटवलं."

तेवढ्या गर्दीत तिची आणि सरांची नजरानजर झाली. सर हार गळ्यात घालून बसले होते आणि फळ्याकडे बघत होते. चेहरा पांढरा पडला होता.

दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात बातमी होती: बालाघाटच्या प्राध्यापकाने उलगडले विश्वाचे रहस्य, शिष्येने दिले प्रात्यक्षिक. आणि त्या दिवसापासून हरकऱ्यांच्या फाटकापाशी माणसं यायला लागली. नवी गाडी घेतलेले, बोअर मारायची तारीख काढणारे, घराचा नंबर तेरा मिळाला म्हणून हवालदिल झालेले. पहिल्या आठवड्यात सरांनी प्रत्येकाला दुसरा भाग वाचायला सांगितला. लोक म्हणायचे, वाचतो सर, पण आधी नंबर काढा. वारासिवनीचा एक कंत्राटदार तर मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीतल्या कामाची निविदा घेऊन आला. तिसऱ्या आठवड्यात सरांनी दीपिकाला फोन केला. "ये एकदा. सवडीने."

ती गेली तेव्हा व्हरांड्यात सात जण बसले होते. सरांनी तिला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं.

"तू मला हरवायला आली होतीस."

"हौ, सर."

"हरवलंस. तीन हजार एक्कावन्न लिहिलंस तेव्हाच मला कळलं. आठ वर्षं मी काय करत होतो ते मला अर्ध्या मिनिटात दिसलं." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "पण समोर चारशे माणसं बसली होती, आणि त्यातल्या एकालाही कळलं नाही. मी हरलो आणि मलाच हार घातले, गजभिये. याच्यापेक्षा तू मला शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं."

"मॅडमना कळलं होतं."

सरांनी खिडकीकडून तोंड फिरवलं. मग म्हणाले, "हो. तिला तिसऱ्या वहीतच कळलं होतं."

"सर, मग सांगून टाका ना लोकांना."

"सांगितलं मी! या मंगळवारी मंडळाच्या बैठकीत सांगितलं, सिद्धांत चुकीचा आहे म्हणून. दुलीचंद उठून म्हणाला, बघा, एवढा मोठा माणूस, पण अहंकार नाही. ठराव करून माझ्या विनयाचं अभिनंदन केलं. दुसरी आवृत्ती छपाईला गेली आहे. तिच्यात तुझे आभार मानलेत, प्रात्यक्षिकाबद्दल."

दीपिकाला हसू आवरलं नाही आणि रागही आवरला नाही. "माझं नाव काढायला लावा, सर. आणि तोंडी नाही, लेखी द्या. पेपरात. चूक झाली, अशी झाली, आकडा मोजूनच कळतो, आम्हाला काढता आला नाही. चार ओळी."

सरांनी पेन घेतलं. टोपण काढलं. कागदावर तारीख घातली, खाली 'संपादक महोदय' लिहिलं. मग पेन खाली ठेवलं.

"बत्तीस वर्षांचं नाव आहे या गावात माझं," ते हळूच म्हणाले. "विचार करतो."

"करा, सर," दीपिका म्हणाली.  बैहरची बस चारला होती, ती निघाली.

सरांनी विचार केला तो दहा दिवस केला, आणि अजूनही करत असते. पण अकराव्या दिवशी पेपरात पत्र आलं. खाली नाव होतं कालिंदी हरकरे, एम.एस्सी. गणित. पत्र बारा ओळींचं होतं. त्यात मूळ छपाईची चूक कोणत्या पानावर, सरांची चूक कोणत्या पायरीवर, आणि स्वतःची चूक कोणती हेही लिहिलं होतं. स्वतःची चूक अशी की कळत असून मी तिसऱ्या वहीपासून अकराव्या वहीपर्यंत सुवाच्य अक्षरात लिहीत राहिले. शेवटी एक ओळ होती की दीपिका गजभिये यांनी हे सगळं मंचावर दोन मिनिटांत दाखवलं होतं, आणि आपण टाळ्या वाजवल्या.

पत्र सातव्या पानावर छापलं गेलं, गिझरच्या जाहिरातीखाली. सर दोन दिवस घरात बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी चहा मागितला, तो मिळाला, आणि पत्राचा विषय कोणी काढला नाही. दुलीचंद मात्र धावत आले. "वहिनी, हे काय केलंत? भाऊंनी गाडीवर विश्वांक लिहून घेतलाय!"

"खोडायला सांगा," कालिंदीबाई म्हणाल्या.

आणि चौथ्या दिवशी फाटकापाशी चार माणसं उभी राहिली. त्यांनी पेपर हातात धरला होता. "सर नाही," पुढचा म्हणाला, "मॅडम से मिलना है. अख़बार में आया है, मॅडम सर से भी बड़ी जानकार हैं."

कालिंदीबाईंनी क्षणभर डोळे मिटले. मग त्यांनी चौघांना व्हरांड्यात बसवलं, प्रत्येकाला एकेक कागद आणि पेन्सिल दिली आणि सांगितलं, "नंबर मी काढणार नाही. तुम्हीच काढायचा. आधी सत्तावीसचा पाढा लिहा."

दोघे लगेच उठून गेले. तिसऱ्याला फोन आला आणि तो बोलत बोलत फाटकाबाहेर पडला. चौथी राहिली एक बाई. चंपाबाई म्हणून, लांजीकडच्या खेड्यातून आलेली, दोन बस बदलून. तिने ई-रिक्षा घेतली होती आणि नंबर अशुभ असल्याचं तिच्या दिराने डोक्यात भरवलं होतं. तिने पदर खोचला आणि पाढा लिहिला. सत्तावीस पाचे तिला अडलं, तेव्हा बोटं मोजून काढलं. कालिंदीबाईंनी जोडायचं कसं, वजा कशातून करायचं ते दाखवलं. अर्ध्या तासात चंपाबाईने रिक्षेचा नंबर जपमाळेतून काढून दाखवला. मग आपल्या मनाने दिराच्या मोटरसायकलचा काढला. मग घराच्या लाइटच्या मीटरचा.

तिने पेन्सिल खाली ठेवली आणि तिन्ही उत्तरांकडे बघत बसली.

"मॅडम, हे तं सारेच निघून राह्यले."

"हो."

"माह्या दिराचा बी चांगला, माहा बी चांगला. अन् मीटरचा बी."

"हो."

"मंग मी दोन बस बदलून येथं काहून आली?"

कालिंदीबाईंना हसू आलं. त्यांनी तिला चहा विचारला. चंपाबाईने तो उभ्यानेच घेतला, कारण अडीचची बस गाठायची होती. जाताना तिने तो कागद घडी करून ब्लाउजात ठेवला, घरी दिराला दाखवायला.